ब गटाची वही

चिंचगल्ली तालीम मंडळ कधी वर गेलं नाही.
म्हणजे गेलं एकदा, एकाच हंगामापुरतं,
आणि आठ सामन्यांत सत्तावीस गोल खाऊन परत आलं,
पाहुण्यांकडं मुक्कामाला गेलेलं पोर
रात्रीच रडत घरी येतं तसं.

त्या साली मी वही घातली.
झेरॉक्सच्या दुकानात, टोनरच्या खोक्यामागं असते.
दोनशे पानी. पुरात खालून भिजली,
त्यामुळं प्रत्येक पानाच्या शेवटच्या दोन ओळी
आता फक्त मलाच वाचता येतात.

खेळणाऱ्यांची नाही ही. ती कुणीही ठेवतं.
ही सोडून गेलेल्यांची.

धैर्यशील पोवार, लेफ्ट आउट.
मोटारसायकलच्या तीन हप्त्यांवर मोठ्या पेठेत गेला.
चषकाच्या सामन्यात आमच्यावरच गोल मारला
आणि नाचला नाही.
ते न नाचणं मी तारखेसकट लिहिलंय.

इम्तियाज बागवान. आधी गडहिंग्लज, मग मडगाव,
दुसऱ्या फळीत दोन हंगाम, मग गुडघा.
तिकडंच एका खानावळीत गल्ल्यावर बसतो.
फोन केला की हालहवाल नंतर,
आधी विचारतो, गवत लावलं काय रं मैदानात?
मी म्हणतो, लावलंय.
दरवेळी लावलंय म्हणतो.

आणि चिदोझी.
लागोसहून आला, एकच हंगाम, अकरा गोल,
राजारामपुरीत माडीवरच्या खोलीत राहिला.
मिसळीला पाव घ्यायचा नाही, नुसता चमच्यानं खायचा,
आणि ‘कट जादा’ एवढं मराठी शिकून गेला.
तो आता अमेरिकेत आहे,
तिसऱ्या का चौथ्या पायरीवरच्या क्लबात,
गावाचं नाव मला लिहिता येतं, म्हणता येत नाही.

त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली पहाटेची साडेचार.
मोबाईल तांब्याला टेकवून मी बसतो.
बायको कूस बदलून विचारते,
कोण मेलंय काय तिकडं?
कुणी नाही. चिदोझी राखीव आहे.

लाकडी पायऱ्या, दोन-तीनशे माणसं,
एक जण ढोल बडवतोय, ठेका चुकवत,
अगदी आमच्या संभा ताशेवाल्यासारखा.
गोलच्या मागं चिदोझी अंग मोकळं करतोय.
पळायच्या आधी डावा घोटा दोनदा झटकला.
दोनदाच. शाहू स्टेडियमवर झटकायचा तसा.
त्र्याऐंशीव्या मिनिटाला आत घेतला.
चेंडूला तीनदा पाय लागला,
त्यातला एक खरं तर हात होता, थ्रो-इन.
मी तीनच लिहिले.

मग पडद्यावर त्याची माहिती आली,
आधीचे क्लब, ओळीनं,
आणि मध्ये एका जागी नुसतं: भारत.

भारत!
एवढा मोठा देश कधी ब गटात खेळला हो?
उजाडेपर्यंत झोप नाही.
कुणाला कळवायचं, कुठल्या भाषेत,
की चिंचगल्ली लिहा, अकरा गोल लिहा,
दोन डोक्यानं होते तेही लिहा,
आणि एक अंधारात, जो पंचांनी दिला नाही,
पण मी दिलाय.

एक पान कोरं आहे. पार्श्वनाथ मगदूम, गोलकीपर.
त्या सत्तावीसच्या सत्तावीस गोलांचा धनी.
तो कुठं गेला नाही. गंगावेशीत
कट्ट्यावर म्हैस बांधून धारोष्ण दूध विकतो,
संध्याकाळी घरी जाताना दुकानावरून जातो.
मी एकदा म्हटलं, तुझं काय लिहू?
म्हणाला, सोडून गेल्यावर लिही.

काल रेशनकार्डाची प्रत काढायला आला.
प्रत बघितली, घडी घातली,
आणि दोन रुपये लांबूनच फेकले.
मला झेलता आले नाहीत.
नाणं मशिनीखाली गेलं.
आम्ही दोघंही तिकडं बघत राहिलो,
वाकलं कुणी नाही.