पट्टी

कासारवडवलीच्या पुढे, ओवळ्याच्या आत
एक बंगला आहे, तो फक्त सिनेमात राहतो.
देवघरातले देव भाड्याचे, तुळस प्लास्टिकची,
आणि जिन्याखालच्या खोलीत मी, माझी पेटी,
आरशाभोवतीचे अकरा दिवे.
बारावा गेलेला. प्रॉडक्शनला सांगून दमले.

गोष्ट घरगुती होती.
थोरला नोकरीला इंफाळला जातो
आणि येताना सून घेऊन येतो.
सासू म्हणते, ही काय काय खात असेल कोण जाणे.
दीर म्हणतो, वहिनी, कराटे येतं का?
पुढे कागदावरच लिहिलेलं: हशा.

सुनेच्या कामाला ऋजुता, कोथरूडची.
दिग्दर्शक म्हणाले, हेमांगी, डोळे बारीक कर.
मी पारदर्शक पट्टी कापली,
कानशिलापाशी चिकटवली,
कातडी मागे ओढून वर केस सोडले.
ओढू किती, विचारलं.
म्हणाले, लांबून कळेल इतकं.

केसांना लिन्थोइ होती.
वडील कोलशेतच्या एअर फोर्समध्ये,
ही गावातल्या पोरींत वाढलेली,
माझ्या मामेबहिणीच्या हळदीत पहाटेपर्यंत नाचलेली.
बोलते ती आमची आगरी,
शुद्धवाले ऐकून दचकतात.
तिला सांगितलं, हिला जरा मोडकं मराठी शिकव,
तुमच्यासारखं.
ती दातांत पिना धरून उभी.
एक एक पिन काढून हातावर ठेवली, मग म्हणाली,
"मना मोडकं नाय येत, सर."
सगळे हसले.
कागदावर नव्हतं, तरी.

मी पट्टी दाबत होते, सुटू नये म्हणून.

गड्याच्या कामाला नाटकातला एक घाऱ्या डोळ्यांचा मुलगा.
त्याला दोन शेड खाली न्यायचं होतं.
तो माझ्या आईची भाषा बोलायचा,
नको तिथे 'नाय' घालून, नाक ओढत.
रंग मी आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघते,
सवय आहे.
लावला.
शोधत राहिले, कुठे लावला ते.

शेवटी सून मोदक करते.
एकवीस कळ्या पाडते आणि सासू तिला पोटाशी धरते.
अठराच पडल्या असत्या तर
बिचारीला परतीची गाडी होती.

त्या रात्री खोबरेल लावून पट्टी काढली.
ऋजुताच्या कानशिलावर दोन लाल रेघा.
ती घाबरली, हे जाईल ना गं?
लिन्थोइ तिच्या केसांतला गुंता सोडवत होती.
"तुमचं जाईल," म्हणाली, "सकालपर्यंत."

माजिवड्याला लागला तेव्हा आईला नेलं.
लिन्थोइ मध्ये बसली, पॉपकॉर्न तिच्या मांडीवर.
कराटेला थिएटर हसलं,
गडी बोलला तेव्हा आई हसली,
आमच्या अख्ख्या रांगेत सगळ्यात मोठ्याने,
डोळे पुसत, माझ्या गुडघ्यावर थाप मारत.
मी पडद्याकडे बघत राहिले.
रंग चांगला बसला होता. कुठेही फुटला नव्हता.

नावं वर सरकली.
रंगभूषा: हेमांगी तरे. बरोबर.
केशभूषा: लिंटो.
आडनाव नाही, पुढे काहीच नाही,
बिस्किटासारखं नुसतं लिंटो.
तिने मोबाइलवर फोटो काढला तेवढ्यात,
आईला पाठवायला.

रिक्षात आई म्हणाली,
"ती सून तुमचेतलीच गो?"
"नाय आत्या, पुन्याची."
"मंग बोलं कशाला तशी?"
लिन्थोइने माझ्याकडे पाहिलं.
कापूरबावडीचा सिग्नल लाल होता, आकडे उलटे मोजत होता.
मी नखाखालचा डिंक काढत बसले,
आज सकाळच्या, दुसऱ्याच कुठल्या कामाचा.