मागच्या खोलीतला राउटर

तापकीर गल्लीतून पंधरा मीटर केबल आणली.
हॉल, पॅसेज, मग मागची खोली,
चौकटीला क्लिपा ठोकत.
आई म्हणाली, भिंतीची चाळण करू नकोस.

माळ्यावरचा जुना राउटर पुसला,
त्याची एक अँटेना सेलोटेपवर उभी.
इंटरनेटचं निळं भोक रिकामंच ठेवलं,
वायर शेजारच्या पिवळ्यात.
पत्ते वाटायचं काम त्याच्याकडून काढून घेतलं.
ते हॉलमधला नवा बघेल,
तू फक्त पोचव.

नाव बदलायचं राहून गेलं.
म्हणजे, राहू दिलं.
'कृत्तिकाची खोली'.
पासवर्डही तोच, तिच्या मांजराचा.
खोलीत आता इस्त्रीचे कपडे असतात
आणि माझं टेबल.

परवा रात्री पावणेदहाला
नव्याच्या यादीत बघत होतो कोण कोण जोडलंय:
आईचा फोन, टीव्ही, माझा लॅपटॉप.
त्याखाली आणखी एक ओळ.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

मागची खिडकी पार्किंगवर उघडते.
धायरीच्या या सोसायटीत
ती अडीच वर्षांत फिरकली नव्हती.
फोन मात्र तोच ठेवला होता,
आणि त्या फोननं वर यायच्या आधी
कुणाला विचारलंसुद्धा नाही.

बेल वाजेना.
मी मागचा दिवा लावला.
आई, चहा टाक.
आत्ता? या वेळी?
हो.
किती कप?

यादी पुन्हा उघडली.
ओळ होती अजून.

तीन, म्हटलं.