दुसरी फेरी

चार प्रश्न. हो किंवा नाही.
सेलूच्या जिनिंगमध्ये, सरकीच्या ढिगाआड बसून
कापसाच्या भुरक्यानं पांढऱ्या झालेल्या भुवयांनी
मी विचारत होते.

इरबाजी धापसे, वजनकाट्यावर अकरा वर्षं.
कधी वाटलं का, कमी करावी?
नाही.
कुणी त्यावरून बोललं तर राग येतो?
राग कोणाला येत नाही? पण नाही लिहा.

तिसरा प्रश्न आम्ही तीनदा फिरवून लिहिलेला.
आधी होतं 'अपराधी वाटतं का'.
पाथरीच्या एकानं विचारलं, केस झाली काय माझ्यावर?
मग केलं 'वाईट वाटतं का'.
लोक म्हणाले, ते तर न पेताबी वाटतं.
शेवटी ठरलं: 'पिण्यावरून मन खातं का'.
इरबाजी म्हणाला, नाही.
सकाळी डोळे उघडायला लागते का?
डोळे भोंग्यानं उघडतेत, मॅडम.

गुण शून्य.

फाटकापाशी चौत्राबाई डबा घेऊन उभी.
फॉर्म फक्त पुरुषांसाठी होता.
तरी ती म्हणाली,
मला कडीवरून कळतंय.
एका झटक्यात लागली की लेकरं घरात.
तिसऱ्या बारीला लागली
की लेकरं शेजारी.

पंधराव्या दिवशी तेच प्रश्न, त्याच क्रमानं.
उत्तरं जुळतात का, एवढंच बघायचं.
बासष्टांपैकी एकसष्टांची जुळली.
खोटं बोललेले तेच खोटं
जसंच्या तसं बोलले.
उपकरण भरवशाचं ठरत होतं.

इरबाजी ट्रॅक्टर काट्यावर घेत म्हणाला,
दोनदा सारखंच दाखवलं
म्हणून काटा खरा असतो व्हय?
हा दोन किलो कमी दाखवतो.
रोज. न चुकता.
मी तिसरा प्रश्न वाचला.
पट्ट्याचा खडखडाट थांबायची वाट बघितल्यासारखा
तो थांबला. पट्टा थांबला नाही.
खातं, म्हणाला.
मग पावती फाडली, पुढचा ट्रॅक्टर बोलावला.

नांदेडहून सरांचा फोन:
तुमचा एक माणूस आकडा खाली ओढतोय.
नोंद तपासा. तुमच्या ऐकण्यात चूक असेल.

मी पुन्हा गेले. इरबाजी नव्हता.
चौत्राबाई नळावर होती, घागर अर्धी.
विचारायचं नव्हतं, विचारलं.
काल? दुसऱ्या बारीला लागली, म्हणाली,
आणि घागर सरळ केली.

तिच्यासाठी रकाना नव्हता.
समासात, पेन्सिलीनं, मी लिहिलं:
दोन.