काढलेलं घर

हे घर आम्ही बांधलं नाही,
काढलं.
आधी दोघं आडवी होतील एवढं,
नीलव्वा झाली तेव्हा आणखी दोन हात.
सड्यावरची ही खाण मालकानं सोडलेली;
म्हणाला, नरम आहे तोवर कोरून घ्या,
वारा लागला की जांभा हट्टाला पेटतो.

खिळा ठरत नाही, भुगा पडतो.
म्हणून कंदिलाला कोनाडा, आरशाला कोनाडा,
रेशनकार्डालाही एक,
पोरीचा हात पुरणार नाही इतक्या उंचावर.
धुतलेलं पांढरं इथं पांढरं राहत नाही.
शाळेतल्या बाई विचारतात, ही तांबडी वही कुणाची?

दुपारी बाहेर कातळाचा तवा,
आत माठातलं पाणी दातांना लागतं.
रात्री भिंतीला कान लावला की घूं घूं येतं.
सोमण्णा म्हणतो, समुद्र.
मी म्हणते, पलीकडच्या खाणीतलं मशीन.
उठून बघायचा दोघांनाही कंटाळा.

पावसाळ्यात आम्ही विजापूरकडे, घरात पाणी.
दसऱ्याला येऊन बादल्यांनी उपसायचं,
शेवाळ खरवडायचं.
एकदा चुलीत बेडूक होता, जागा सोडेना.

परवा ट्रकमधून जाताना
जामसंड्याला नवं घर दिसलं, गिलावा व्हायचा होता.
सोमण्णा म्हणाला, आपले चिरे.
कशावरून?
कोपऱ्यातला तो तिरका बघ,
नीलव्वा झाली त्या दिवशीचा.

वळण येईपर्यंत मी मोजत राहिले.
आमची खोली परत बुजवायला
पुरले असते.