चुन्याच्या रेघा

अर्ज मीच लिहिला.
हे आधीच सांगून टाकते,
नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला
कोणाच्या तरी चुलतसासूची गोष्ट वाटेल.

रविवारी सकाळी झंवरांच्या ओट्यावर
पोह्यांवर जिरावण भुरभुरत रहवासी संघ बसलेला.
समोर चोवीस नंबरचा रिकामा प्लॉट.
शुक्रवारी नगर निगमचे दोघे आले होते,
फीत धरून, खुंट्या ठोकून, चुना टाकून गेले.
शाळा. सरकारी. आठवीपर्यंत.

शाळेला आमचा विरोध नाही,
असं प्रत्येक जण आधी म्हणाला, मग पण म्हणाला.
पण गाड्या कुठे लावायच्या?
पण नवरात्रात गरबा?
पण डॉक्टर मिरीकरांची दुपारची झोप, बायपासनंतरची?
पण भाव. हे हळूच, बशीकडे बघत.
नाल्यापलीकडची पोरं, असं कोणी म्हटलं नाही.
'बाहेरचे' म्हटलं.
धुतलेला, इस्त्री केलेला शब्द.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.
एकतीस वर्षं सरकारी शाळेत शिकवलंत, मॅडम,
तुमचं अक्षर, तुमची भाषा.
नाही म्हणता आलं असतं.
पण किती दिवसांनी कोणी
माझ्या अक्षराचं नाव काढलं होतं.

झंवरांच्या कच्च्या खर्ड्यात
'विद्यालय' चुकलं होतं, द्य च्या जागी ध्य.
ते मी लाल पेनाने दुरुस्त केलं,
आणि मग त्याला विरोध केला.
कोलाहल हा शब्द माझा. जनहित माझा.
'शांतिप्रिय नागरिक' लिहिताना
शेवटच्या क ला जरा जास्तच वळण दिलं.
कॉलनीचं नाव शारदानगर.
लेटरहेडवर ठळक छापलेलं, माझ्या हाताखालीच होतं.
एकशे बारा सह्या झाल्या.

टेबल पुसताना रामकन्या थबकली.
मॅडम, यो कईं लिख्यो?
काही नाही, म्हटलं, कॉलनीचं आहे.
तिने कागद उचलून खालून पुसलं
आणि होता तसाच परत ठेवला.

रोज सव्वासातला तिची केरसुणी थांबते.
त्या वेळी संतोषी, तिची पोर, रिंग रोड ओलांडत असते.
शाळा पलीकडे आहे.
दोन-तीन मिनिटं घरात कसलाच आवाज नसतो,
मग केरसुणी पुन्हा सुरू होते.
आधी मला वाटायचं, हिची कंबर दुखते.

दोन महिन्यांत स्थगिती आली.
झंवरांनी जिलबी वाटली, घरोघरी, कागदाच्या पुड्यांतून.
मीही खाल्ली. चांगली होती, गरम.

रेघा मात्र राहिल्या.
संध्याकाळी नाल्यावरच्या फळीवरून पोरं यायची.
कुठली खोली कुठली, त्यांना पाठ होतं.
ही तिसरी, ही चौथी, इथे जेवण, इथे मोठे सर.
एक बारका रेघ ओलांडून धावत आत शिरला,
तर संतोषीने त्याला कानाला धरून बाहेर काढलं.
भींत में से कायको आयो? दरवाजो यां है.
आणि तो फिरून, जिथे चुना तुटला होता तिथून,
चपला काढून, आत आला.
मी गच्चीवर पापड उलटत होते.
एकाच बाजूने बराच वेळ उलटत राहिले असेन.

आता तिथे गाड्या असतात.
झंवरांची पांढरी पाचवीत, मिरीकरांची जेवणाच्या खोलीत.
माझी स्कूटी, हिशेब केला तर,
मुख्याध्यापकांच्या टेबलावर उभी असते.
इतक्या वर्षांच्या नोकरीत
त्या खोलीत मी खुर्ची ओढून कधी बसले नव्हते.

आज दूध आणायला लवकर निघाले.
रेघ आता दिसते न दिसते,
शिळ्या रांगोळीसारखी.
सरळ पुढे काढली असती तर चार पावलांत रस्ता होता.
मी हँडल वळवलं,
स्कूटी ढकलत लांबून फिरवली,
दारातून बाहेर पडले.

परत आले तेव्हा सव्वासात.
आत केरसुणी थांबलेली.
मी पिशवी हातात धरून
पायरीवरच उभी राहिले,
ती पुन्हा सुरू होईपर्यंत.