बुधवारातून शुक्रवारात

एकतीस वर्षं मी हे शहर
जिन्याखालून पाहिलं.
विजेरी दातांत, वही काखेत,
मीटरच्या काचेवरली धूळ अंगठ्यानं पुसायची,
पाच आकडे, की पुढचं दार.
वर काय होतं ते मला विचारू नका.

आता मंगळवारी निघतो.
मंगळवारच का, तर त्या दिवशी
ताहेरभाईंचा मुलगा हिशेबाला बसतो
आणि बापाला गल्ल्याजवळ फिरकू देत नाही.
बोहरी आळीत ते पायरीवर तयार असतात,
टोपीची सोनेरी किनार जरा विरलेली,
खिशात खडीसाखर.
डावा गुडघा चोळत म्हणतात,
"आज हा काय म्हणतो बघू."

आम्हाला कुठंच जायचं नसतं.
बोलायला सोपं आहे, पण पायांना हे पटेपर्यंत
तीन मंगळवार गेले.
दार उघडं दिसलं की माझे पाय
आपोआप जिन्याखाली वळत,
ताहेरभाई बाही धरून ओढत:
"ओ साहेब, रिटायर झालात. मान वर करा."

मान वर केली तर
केवढी थकबाकी!
बिडाच्या कठड्यात ओतलेले दोन मोर,
त्यातल्या एकाचीच चोच कुणी लाल रंगवलेली.
तिसऱ्या मजल्यावर नुसतं एक दार,
खालची गॅलरी महापालिकेनं कधीच उतरवलेली,
दाराला मात्र ताजं तोरण.
या खालून मी किमान साडेतीनशे वेळा गेलो असेन.

तांबट आळीत ठोके थांबले,
की समजायचं चहा आला.
आम्हीही तिथंच घेतला, उभ्यानं,
घंगाळाच्या पोटात आमची दोन तोंडं
आडवी पसरलेली बघत.

मग मंडई. पेरूवाली म्हणाली,
"घ्यायचे नाहीत तर हात का लावता?"
ताहेरभाई म्हणाले, "वास घेतोय."
"वासाला पैसे नाहीत. पुढं व्हा."
झालो पुढं.

एका उच्छ्वासाच्या दगडाला ते कान लावून उभे राहिले.
कात्रजचं पाणी अजून खालून जातं, म्हणे.
मला स्कूटरच ऐकू आल्या.
पण वाटलं, या पाण्याचं रीडिंग
कुणी कधी घेतलं असेल का?

बुधवारातून शुक्रवारात आलो
आणि मध्ये गुरुवार लागलाच नाही.
नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

तिथल्या एका चाळीत
पायरीवर मटार सोलणारी बाई
माझ्याकडं बघून उठली, आत गेली,
आणि बॅटरी आणून माझ्या हातात दिली.
"खालचा दिवा गेलाय. जपून."
सांगायला हवं होतं, मी आता त्यातला नाही.
सांगितलं नाही. वाकलो.

सायकल, रिकामं सिलिंडर, गणपतीचं मखर,
आणि नवा मीटर, लुकलुकणारा,
स्वतःचं स्वतः वाचणारा.
त्याच्या शेजारी गिलाव्यावर
पेन्सिलीनं आकड्यांचा एक रकाना,
सातच्या पोटात आडवी रेघ.
सातला अशी रेघ आमच्या सेक्शनात मीच द्यायचो.
महिन्याखाली महिना, सरळ,
फक्त एका भाद्रपदाची जागा कोरी.
तेव्हा मी रजेवर होतो.
का होतो, ते भिंतीला माहीत नाही.
बदलीवरचा पोरगा आकडा लिहायला विसरला असणार,
किंवा त्यानं ती जागा तशीच ठेवली.

बॅटरी विझवली. थोडा वेळ तसाच राहिलो,
पाठीच्या कण्यानं आठवण करून देईपर्यंत.

"किती आलं?" बाईंनी विचारलं.
"बरोबर आहे," म्हटलं.
त्यांनी ओंजळभर मटार दिले.

ताहेरभाई काही बोलले नाहीत.
खडीसाखरेचा मोठा खडा त्यांनी
माझ्या तळहातावर ठेवला, धाकटा स्वतःला घेतला,
आणि जिन्याकडं बघत गुडघ्याला विचारलं,
"काय रे, वरती जायचं?"