सावकाश

मला रडू येतं.
कशानेही येतं. परवा एका हातमोज्याने आलं.
ट्रामच्या थांब्यामागे, कुंपणाच्या टोकावर अडकवलेला,
लहान मुलाचा, लाल, एकच.
कुणीतरी तो चिखलातून उचलला असणार, झटकला असणार,
जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशा उंचीवर टांगला असणार.
त्या कुणाच्या तरी हातांचा विचार आला
आणि झालं.
सात नंबरची ट्राम आली तेव्हा मी तिच्याकडे पाठ करून उभी होते.

शाळेत रडूबाई होते.
नवरा ‘नळ’ म्हणायचा, सुरुवातीला लाडाने.
मग लाड आटला. नळ राहिला.

त्या मानाने क्रेन बरी.
श्चेचिनच्या बंदरात, ओद्रा नदीवर,
एकशे बहात्तर पायऱ्या चढून मी काचेच्या खोपटात बसते
आणि वीस-वीस टनांचे कंटेनर उचलून ठेवते.
वर कुणी विचारत नाही काय झालं.
समुद्रपक्षी येऊन बसतात, त्यांना चौकशा नसतात.
‘बोगनाने ठेवला तर खालचं अंडं फुटत नाही,’
मुकादम लेशेक म्हणतो.
कौतुक नव्हे, नोंद.

कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी तक्ता पुढे केला :
आठवड्यातून किती वेळा? एक ते पाच.
झोप? भूक? जगणं नकोसं?
मी म्हटलं, जगणं हवंसंच वाटतं हो,
तेव्हाच तर जास्त येतं.
त्यासाठी चौकोन नव्हता.
बाईंनी समासात लिहिलं :
उंचीवरचे काम. लक्ष ठेवावे.

बाबा गेले फेब्रुवारीत.
जमीन दगड झालेली. धाकटा भाऊ ओक्साबोक्शी.
गेनोवेफा आत्या माझ्या डोळ्यांकडे बघत होती,
कोरड्या विहिरीत वाकून बघावं तशी.
कुत्र्याच्या बिस्किटांच्या जाहिरातीला रडते ही,
आणि बापाला दोन टिपं नाहीत?

खरं सांगू? मी दोर बघत होते.
चार माणसं पेटी खाली सोडत होती
आणि डावीकडचा दोर सैल होता.
पेटी तिरकी होत होती. बाबा तिरके जात होते.
माझा हात खिशातून अर्धा बाहेर आला होता,
थांबा, डावं उचला, असं खुणावायला.
मी तो परत खिशात घातला.
तेवढंच आठवतं मला त्या दिवसाचं. ते, आणि बुटांत शिरलेला बर्फ.

बाबा याच धक्क्यावर खुणारी होते.
खाली उभं राहून वरच्याला हातांनी सांगायचं,
उचल, थांब, फिरव.
घरी मी रडायला लागले की
रडू नकोस असं कधी म्हणाले नाहीत.
टेबलाच्या पलीकडून धक्क्यावरची खूण करायचे :
पालथा तळवा, बोटं किंचित हलती.
सावकाश. खाली. अजून जरा.
जसं माझं रडणं एक वजन होतं
आणि कुठेतरी नीट टेकवायचंच होतं.

मे महिन्यात नवा खुणारी आला. इग्नात्सी.
एकोणीस वर्षांचा, शिरस्त्राण कानांवर घसरलेलं.
पहिला कंटेनर. मी दोन हात वर आणून धरला.
त्याने मान उचलून काचेकडे पाहिलं,
मला दिसत नसेन त्याला, नुसता उजेड दिसत असेल,
आणि पालथा तळवा पुढे केला.
बोटं हलवली.

मग जे आलं ते घळाघळा आलं,
नाकातून, गळ्यातून, हनुवटीवरून गुडघ्यांवर,
तीन महिन्यांचं, व्याजासकट.
फक्त हात आले नाहीत त्यात.
हात दांड्यावर होते, आणि दांडा हलला नाही,
आणि वीस टन लोखंड उतरत राहिलं
बोटभर, बोटभर.

रेडिओ खरखरला. लेशेक.
‘बोगना, वर सर्दी आहे का?’
‘नाही.’
तो थोडा थांबला. मागे कुठलातरी भोंगा वाजत होता.
‘बरं. घाई नाहीये.’

कंटेनर टेकला.
इग्नात्सीने अंगठा वर केला, आणि
मी पुढचा उचलला नाही, एक मिनिटभर.